बाविसावा फर्मा

"यातलं आधी कोणतं वाचू?"

बाइंडिंगच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. लोक विचारतात — कधी मिळेल, कापड कुठलं लावाल, पाठीवर नाव सोनेरी येईल का. हा मात्र पुठ्ठे गेलेल्या, कडा कुरतडलेल्या बारा जाडजूड पुस्तकांची चळत काउंटरवर ठेवून माझ्याकडे टक लावून उभा होता. बाहेर वारा सुटला होता, त्याचे केस कपाळावर आले होते. माझ्या कोपरापर्यंत खळ लागलेली आणि दोऱ्याचं टोक दातात. मी हनुवटीनेच चळतीतलं चौथं पुस्तक दाखवलं.

"का?"

आता दोरा काढावाच लागला. "यातला कप्तान शेवटी घरी परत येतो."

"अहो, शेवट सांगून टाकलात की!"

"येतो तेव्हा घर कसं असतं, ते कुठे सांगितलं?"

तो हसला. हसताना मान जराशी डावीकडे कलती करून त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळ्यांत नव्हे, डोळ्यांकडे... दुकानदार मालाकडे बघतो तसं. "लांबचं बघताना तुमचा उजवा डोळा बारीक होतो," तो म्हणाला.

"मग लांब उभे राहू नका."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मागे कटिंग मशीनवर मामा, म्हणजे दुकानाचा मालक, मोठ्याने खाकरला. मी मान खाली घालून पावती फाडली.

दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं नवं दुकान झालं होतं, त्याचा हा मालक. वरच्या मजल्यावर राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर मांडलं होतं आणि त्यात सुताराकडून भिंतभर पुस्तकांचं कपाट करून घेतलं होतं. "लहानपणी आमच्या घरात छापलेलं म्हणाल तर एक कॅलेंडर," तो सांगत होता. "आणि आता दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो. वरची ओळ वाचा, खालची वाचा. एक आजोबा मला म्हणाले, चष्मा छान झाला रे, आता वाचू काय ते सांग. मला एक नाव सुचेना हो! शरमच वाटली." मग एक जुनं वाचनालय बंद पडत होतं, तिथून त्याने ही बारा पुस्तकं उचलली होती. सगळी अभिजात, असं तिथल्या ग्रंथपालांनी त्याला सांगितलं होतं.

"अभिजात म्हणजे नेमकं काय हो?" त्याने विचारलं.

उत्तर मामाने दिलं, मशीनवरून मान वर न करता. "वाचून वाचून फाटतं, तरी माणूस फेकत नाही, शिवायला आणतो... ते अभिजात. बाकीचं रद्दीवाल्याचं."

त्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही ही सगळी वाचलीत?"

इथेच सगळं बिघडलं. कारण खरं उत्तर होतं, एकही नाही.

बाइंडर पुस्तक वाचत नाही, बाइंडर सांधे वाचतो. पुस्तक सुटं केलं की त्याचे फर्मे होतात. एक फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. ते ओळीने लागलेत ना, हे बघायला एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ वाचायची. जुळलं की पुढे. शाळा सुटल्यापासून सात वर्षं मी हेच करत होते. जगातल्या थोर थोर कादंबऱ्या, या बारांतल्याही बऱ्याच, आधी कधीतरी हातांखालून गेल्यामुळे मला माहीत होत्या, पण सोळा सोळा पानांच्या उड्या मारत. कोण कुणाच्या प्रेमात आहे हे कळायचं, कसं पडलं ते कळायचं नाही. मधली पानं वाचायला दुकानात बंदी होती. "बाइंडरने वाचायला घेतलं की दुकान बसलं," हे मामाचं ब्रह्मवाक्य. घरी न्यायचा तर प्रश्नच नव्हता, गिऱ्हाइकाचं पान उंबऱ्याबाहेर गेलं तर मामाने मला उभी चिरली असती.

"मी इथे बसते," मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं. "सगळी माझ्या हातांखालूनच जातात."

नरो वा कुंजरो वा. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आदर पसरला की मला पुढचं सांगायचा धीरच झाला नाही.

तो म्हणाला, एकदम बारा घरी नेली तर एकही वाचून होणार नाही. म्हणून एका वेळी एकच. एका शनिवारी यायचं, शिवलेलं न्यायचं, वाचायचं, दोन आठवड्यांनी पुढचं न्यायला यायचं. आणि येताना प्रश्नांचं गाठोडं घेऊन यायचं! मी मनातल्या मनात त्याचं नाव प्रश्नोबा ठेवलं.

दुसऱ्याच खेपेला माझं पितळ उघडं पडायची वेळ आली. "तुम्ही म्हणालात कप्तान परत येतो. तो तर बुडतो! पान दोनशे बत्तीस!"

माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. "बुडतो... असं तुम्हाला वाटतं?" मी हळूच म्हटलं आणि गप्प बसले. गप्प बसण्याइतकं विद्वान दुसरं काही दिसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तो काउंटरला टेकून विचार करत राहिला. मग त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तिला तो स्वप्नात दारात दिसतो तेव्हा... तिच्यापुरता तो आलाच, असं ना? अस्सं! अहो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!"

माझ्याही नव्हतं.

त्यानंतर मी शहाणी झाले. त्याने प्रश्न विचारला की मी उलटा प्रश्न विचारायचे. "तुम्हाला काय वाटलं?" एवढ्यावर तो तासभर बोलायचा. घर सोडून गेलेल्या मुलाबद्दल, खोटी साक्ष देणाऱ्या न्यायाधीशाबद्दल, बागेचं दार बंद करणाऱ्या त्या म्हाताऱ्या बहिणींबद्दल. मी शिवत असायचे आणि ऐकत असायचे. बोलता बोलता तो माझ्यासाठी दोऱ्याला मेण लावून द्यायला शिकला. त्याची बोटं पातळ होती, काच सांभाळणाऱ्या माणसाची. दोरा देताना आमची बोटं लागायची आणि दोघंही एकदम पुस्तकाकडे बघायचो...

"ती तिसरी बहीण तुमच्यासारखी आहे," एकदा तो म्हणाला.

"म्हणजे खाष्ट?"

"म्हणजे सगळं माहीत असून कमी बोलणारी."

त्या दिवशी मी टाका चुकले. रात्रीचं जेवण गेलं नाही ते वेगळंच. मला तो आवडायला लागला होता, अगदी सरळ सरळ आवडायला लागला होता. आणि त्याला जी आवडत होती ती बारा कादंबऱ्या कोळून प्यायलेली बाई होती. ती मी नव्हते. ज्या दिवशी त्याला हे कळेल, त्या दिवशी तो वही मिटून निघून जाईल, याची मला खात्री होती. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

अकरा पुस्तकं झाली. बारावं उरलं, सगळ्यांत जाड. त्यानंतर त्याला दुकानात यायला कारणच उरणार नव्हतं. मी ते उसवायलाच मुद्दाम चार दिवस लावले.

बारावं होतं एका शाळेतल्या बाईंचं आणि जमिनी मोजत गावोगाव हिंडणाऱ्या एका माणसाचं. सांधे तपासत तपासत मी एकविसाव्या फर्म्याच्या शेवटी आले. पान तीनशे छत्तीस. शेवटची ओळ — "उद्याच्या गाडीने माझ्याबरोबर येशील?" बाविसाव्याची पहिली ओळ — "तिने आधी दिव्याची काच पुसली." जुळलं. बाविसाव्याची शेवटची ओळ — "गाडीचा धूर दिसेनासा होईपर्यंत ती खिडकीत उभी होती." तेविसाव्याची पहिली — "वीस वर्षांनी तो पुन्हा त्याच स्टेशनावर उतरला."

म्हणजे गेली नाही! का नाही गेली? काच पुसून झाल्यावर काय म्हणाली?

सात वर्षांत माझा हात कधी असा थांबला नव्हता. मी घडी उघडून एक ओळ वाचली, दुसरी वाचली... "चिमणे! हात चालू दे!" मामा ओरडला. मी दचकले. मामाने पाठ फिरवली आणि मी बाविसावा फर्मा माझ्या पिशवीत सरकवला. एका रात्रीपुरता. उद्या सकाळी जागच्या जागी.

पण उद्या सकाळी माझी दाढ सुजली. गाल एवढा फुगला की आरशात मीच मला ओळखलं नाही. दोन दिवस घरी. मामाने निरोप पाठवून विचारलं, सांधे तपासलेस ना? मी हो कळवलं, तपासले होतेच; मी परत येण्याआधी तो शिवायला घेईल असं वाटलंच नाही. मामाने माझ्यावर विश्वास ठेवून पुस्तक शिवलं, डकवलं, दाबात ठेवलं. शनिवारी प्रश्नोबा आला आणि घेऊन गेला. आणि मी इकडे गालाला फडकं बांधून बाविसावा फर्मा वाचत पडले होते!

त्या बाई का नाही गेल्या माहितीये? त्याच्यापाशी त्यांनी आपलं वय पाच वर्षांनी कमी सांगितलं होतं. गाडीत एकत्र बसलं, लग्नाचे कागद झाले की ते कळणार. सोळा पानं ती बाई खरं सांगणारं पत्र लिहिते आणि फाडते, लिहिते आणि फाडते. सकाळी गाडी निघून जाते. पाच वर्षांपायी! मला असा संताप आला तिचा, की दाढेचा ठणकाही विसरले. अगं बये, सांगून तर बघायचंस! फार तर काय, तो गेला असता. तसाही गेलाच ना?

फडकं सोडताना लक्षात आलं की मी दुसऱ्या कुणाला बोलत नव्हते.

सोमवारी मी कामावर गेले. शेल्फवर पुस्तक नव्हतं. मामाला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षांत या दुकानातून पान गेलेलं पुस्तक बाहेर पडलं नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा.

आणि मंगळवारी दुपारी तो आला. शनिवार नसताना. दुकान उघडं टाकून, केस विस्कटलेले, बगलेत बारावं पुस्तक.

"का नाही गेली ती?"

मी सुई खाली ठेवली.

"सोळा पानं नाहीयेत यात. जुनं पुस्तक, गळाली असतील वाचनालयातच. ते जाऊ दे. पण तुम्ही वाचलंय ना! सांगा ना... दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. काल एका बाईंना लांबचा चष्मा द्यायचा तर जवळचा दिला मी. का नाही गेली?"

गंमत बघा. आजपर्यंतच्या शेकडो प्रश्नांत हा एकच असा होता, ज्याचं उत्तर मला खरोखर येत होतं. आणि मी दिलं. पहिल्यांदा प्रश्नाला प्रश्न न विचारता मी बोलत सुटले. दिव्याची काच, शाईचा डाग, तीन वेळा फाडलेलं पत्र, पहाटे शाळेची घंटा स्वतःच बडवायला गेलेली ती बाई... तो काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होता. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. मी थांबले तेव्हा त्याचाही श्वास सुटला.

"तुम्ही कसं सांगता हो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिथे बसून पाहिल्यासारखं. मी आजवर एवढं वाचलेलं माणूस पाहिलं नाही. खरं सांगू? मी पुस्तकं न्यायला येत होतो हे निमित्तच होतं. मला तुम्हाला कधीचं विचारायचंय—"

"थांबा," मी म्हटलं.

ते वाक्य त्याने पुरं केलं असतं तर मला आयुष्यभर ते त्या दुसऱ्या, वाचलेल्या बाईला विचारल्यासारखं वाटलं असतं. मी पिशवीतून बाविसावा फर्मा काढून काउंटरवर ठेवला.

"पानं वाचनालयात नाही गळाली. मी चोरली. वाचायला. आणि... मी एवढीच वाचलीत. सोळा. बाकी एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. सांधे वाचते मी, ओळी जुळतात का ते बघते, बस्स. कप्तानाबद्दल मी थाप मारली होती. सगळ्यांबद्दलच."

मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मामा तिथेच उभा होता.

प्रश्नोबाने फर्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "अकरा पुस्तकं," तो म्हणाला. "सहा महिने. मी बोलत होतो आणि तुम्ही..." फर्मा खाली ठेवून तो निघून गेला. पुस्तकही तिथेच राहिलं.

"खोट्याच्या कपाळी गोटा," मामा म्हणाला. पण त्याच्या आवाजात धार नव्हती. तो बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता हाकलतोय. "उसवावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "उसवतेयस तर... वाचून काढ एकदाचं. पहिल्या पानापासून."

"आणि दुकान?"

"मीही एकदा वाचलं होतं, तुझ्या वयाचा असताना. पाच दिवस दुकान बंद होतं. म्हणून तर नियम केला."

मी वाचलं. काउंटरच्या मागे बसून, मामाच्या डोळ्यांदेखत. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा... ती बाई त्या माणसाच्या प्रेमात कशी पडली ते मला नवव्या फर्म्याच्या मधोमध कळलं. तो तिच्या वर्गाची खोली मोजायला येतो आणि मापं विसरतो. सांध्यावरून हे सात जन्मात कळलं नसतं. शेवटच्या पानावर मी इतकी रडले, की मामाने खळीची वाटी उचलून लांब ठेवली, पाणी पडेल म्हणून.

शनिवार आला. तो आला नाही. दारावर सावली पडली की मी मान वर करायचे आणि कुणीतरी पावतीपुस्तकं घेऊन उभं असायचं. रविवारी, सोमवारी मी बाविसावा फर्मा जागी घालून पुस्तक शिवलं. मंगळवारी ते उरी धरून दोन गल्ल्या ओलांडल्या. खिडकीत उभं राहून गाडीचा धूर बघायचा नव्हता मला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो टेबलापाशी बसला होता आणि समोर आमच्याच दुकानात शिवलेली अकरा पुस्तकं पसरली होती, प्रत्येकात कागदाचे कपटे खुपसलेले.

"रागावलात," मी दारातूनच म्हटलं.

"दोन दिवस. भरपूर." त्याने वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. "मग उत्सुकता वाटली."

"कसली?"

"तुम्हाला ही पुस्तकं कशी दिसत असतील त्याची. पानं मोजून खुणा घातल्या आणि नुसते सांधे वाचले. सोळाव्या पानाची शेवटची ओळ, सतराव्याची पहिली. अकरा पुस्तकांचे. पाच दिवस हेच चाललंय." त्याने एक पुस्तक उघडून पुढे सरकवलं. "हे बघा. फर्म्याच्या शेवटच्या ओळीत कप्तान दारात उभा आहे. पुढच्याच्या पहिल्या ओळीतही उभाच. स्वप्न होतं ते चौथ्या ओळीत कळतं. तुमच्या जागी मी असतो तरी तो परत आलाय असंच सांगितलं असतं."

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. "तरी थाप ती थापच."

"थापच. पण एक सांगा. एवढ्याशा ओळींवरून तुम्ही मला हे आधी वाचा, ते नंतर वाचा असं सांगितलंत, त्यात तुम्ही एकदाही चुकला नाहीत. ते कसं?"

"तुमच्याकडे बघून," मी म्हटलं. "पुस्तकं नव्हती वाचली मी. तुम्ही दर खेपेला आल्यावर तुमचा चेहरा वाचायचे. उदास असलात तर हसरं, फार खुशीत असलात तर जड." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. ते खरं आहे, त्यात मधलं पान गाळलेलं नाही. आणि हे बारावं मी पुरं वाचलंय. काय विचारायचं ते विचारा."

त्याने काहीच विचारलं नाही. प्रश्नोबाला पहिल्यांदा प्रश्न सुचत नव्हता. त्याने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मला वरच्या मजल्यावर नेलं.

कपाट भिंतभर होतं. ताज्या लाकडाचा वास येत होता आणि खिडकीतून आलेलं ऊन रिकाम्या फळ्यांवर पसरलं होतं. त्याने बारावं पुस्तक मधल्या फळीवर ठेवलं. मग आम्ही दोघांनी खालून अकरा आणली आणि एकेक लावली. एवढ्या मोठ्या कपाटात बाराच पुस्तकं... केवढुशी दिसत होती!

"त्या मंगळवारी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही थांबा म्हणालात. मी लग्नाचं विचारणार होतो."

"मग आता विचारा ना."

"नाही. आता घाई नाही करणार. तुम्ही राहिलेली अकरा वाचा. पुरी. मग आपण बरोबरीने बोलू. तुम्हाला मी कसा वाटतो, पुस्तकं कशी वाटतात, सगळं. शेवटचं संपलं की त्या दिवशी विचारेन."

त्याने मोठ्या समजूतदारपणे हे सांगितलं. मी फळीवरचं एक पुस्तक काढून शेवटचं पान पाहिलं. पाचशे अठ्ठावीस. त्याच्या शेजारचं सहाशे चाळीस. त्याच्याही पलीकडचं मी उघडलंच नाही, माझ्याच हाताने शिवलेलं होतं, त्याची जाडी मला पाठ होती.

"आत्ताच विचारा," मी पुस्तक जागेवर ठेवत म्हटलं. "वाचायला अख्खा जन्म पडलाय."

त्याने विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी हो म्हणून बसले.